मधुमेहात आंबा कसा खावा (आणि बाकीची फळंही)

एप्रिलमध्ये आंब्याची पेटी आली की मधुमेह असलेल्या घरात दोन तट पडतात. "तुम्हाला आता आंबा बंद" हा एक. "फळातली साखर नैसर्गिक असते, तिने काही होत नाही" हा दुसरा. दोन्ही ऐकू नका. आंब्यातली साखरही रक्तात उतरतेच. पण मोजून आणि जेवणातलं दुसरं काहीतरी काढून खाल्ला, तर बऱ्याच जणांना तो चालतो.

आधी एक अट. तुमची उपाशीपोटीची शुगरच सध्या दोनशेच्या वर असेल, तर आंब्याचा हिशेब पुढे ढकला आणि डॉक्टरांकडे जा. गरोदरपणातल्या मधुमेहाचे नियम वेगळे असतात, त्यांनी हा लेख प्रमाण मानू नये.

पहिली पायरी: एकदा तरी वजन करा

स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा काही शे रुपयांत मिळतो. सुरुवातीला तो वापरा, पुढे नजर बसते. मध्यम हापूस साधारण अडीचशे ग्रॅमचा असतो. साल आणि कोय गेली की दीडशे ग्रॅमच्या आसपास गर उरतो. शंभर ग्रॅम गरात कर्बोदकं सुमारे 15 ग्रॅम, म्हणजे अख्ख्या फळात 22-23 ग्रॅम. कोय चोखणाऱ्यांनी तीही हिशेबात धरावी!

या 15 ग्रॅम कर्बोदकांना एक वाटा म्हणू. एक वाटा म्हणजे पेरूच्या किंवा सफरचंदाच्या शंभर ग्रॅम फोडी, एक मध्यम संत्रं, एक लहान चिकू, पंधरा-सोळा द्राक्षं, अर्धं मोठं केळं, फणसाचे तीन मध्यम गरे किंवा दोन लहान खजूर. पपई 130 ग्रॅमपर्यंत चालते. पेरू यात सगळ्यांत उजवा, कारण शंभर ग्रॅममागे पाचेक ग्रॅम चोथा असतो आणि चावायला वेळ लागतो.

कलिंगडाची मात्र उगाच बदनामी झाली आहे. त्याचा ग्लायसेमिक इंडेक्स जास्त आहे हे खरं. पण त्यात पाणीच इतकं, की 200 ग्रॅम फोडी खाल्ल्यावर कुठे एक वाटा भरतो. नुसता इंडेक्सचा तक्ता पाहून फळं ठरवायची सवय म्हणूनच फसवते. तो आकडा साखर किती झपाट्याने चढते ते सांगतो, तुमच्या ताटलीत किती पडलं ते सांगत नाही.

दिवसाला असे एक-दोन वाटे, तेही वेगवेगळ्या वेळी, इथून सुरुवात करावी. तुमचा आकडा थोडा वर-खाली असेल, तो पाचव्या पायरीत कळेल.

दुसरी पायरी: ताटातून काहीतरी काढा

सगळं घोडं इथे अडतं. दोन पोळ्या, वाटीभर भात, आमटी, भाजी असं पूर्ण जेवण होतं आणि वर "थोडासा आंबा". मध्यम पोळीत साधारण 20 ग्रॅम कर्बोदकं असतात. आंब्याच्या शंभर ग्रॅम फोडी हव्या असतील तर त्या जेवणातली एक पोळी कमी करा, किंवा भात सोडा. भाजी, उसळ, कोशिंबीर, दही तसंच राहू द्या, तेच साखरेची चढण हळू करतात.

याच्या उलट टोकाची चूक जास्त घातक आहे. दुपारी आंबा झाला म्हणून रात्री काहीच न जेवणं. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण गाळलं, तर रात्रीत साखर 70 च्या खाली जाऊ शकते. पोळी कमी करायची, जेवण नाही.

तिसरी पायरी: चावून खा

फोडी आणि आमरस यांत फरक आहे. फळ चावून खाताना हात आपोआप थांबतो, रस मात्र वाटीवर वाटी जातो. अक्षय्य तृतीयेचं ताट घ्या. दोन वाट्या घट्ट रस म्हणजे 45 ग्रॅम कर्बोदकं, त्यात चार चमचे साखर पडली तर आणखी 16 ते 20, आणि पाच पुऱ्यांची पन्नासेक. झाले 110 च्या वर, एका बैठकीत. त्या दिवशी रस हवाच असेल तर बिनसाखरेचा, अर्धी वाटी, एका फुलक्याबरोबर. डब्यातल्या रसात बहुधा साखर घातलेली असते, लेबल वाचा.

"वरून तूप घातलं की बाधत नाही" असं घरोघरी सांगतात. तुपामुळे पोट उशिरा रिकामं होतं, त्यामुळे साखर उशिरा चढते. चढायची ती चढतेच. आंबे पाण्यात भिजत ठेवल्याने चीक निघतो, गोडवा जैसे थे.

संत्र्या-मोसंब्याच्या रसाचंही तेच. एका ग्लासात तीन-चार फळं, चोथा गाळलेला, दोन मिनिटांत पोटात. मात्र साखर 70 च्या खाली आली, हातपाय थरथरले, घाम फुटला, तर हाच अर्धा ग्लास रस किंवा तीन चमचे साखर हे औषध. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्यांनी अशा वेळी ग्लुकोज पावडर वापरावी, कारण या गोळ्या साध्या साखरेचं पचन लांबवतात.

चौथी पायरी: वेळ

जेवणाबरोबर नसेल तर फळ चार-साडेचारला, मूठभर शेंगदाणे किंवा बदामांबरोबर. जमल्यास नंतर पंधरा मिनिटं चालणं. झोपताना नको.

उपवासाला फळांवर ताव मारून फळांनाच दोष देऊ नका. खिचडीतला साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. एकादशीला खिचडी, राजगिऱ्याचा लाडू, दोन केळी आणि खजूर खाऊन संध्याकाळी 260 आलं, तर त्यात केळ्यांचा हिस्सा निम्म्याहून कमी असेल.

पाचवी पायरी: मीटरला विचारा

एकच फळ दोघांना सारखं चढत नाही, त्यामुळे वरचे सगळे आकडे सुरुवातीपुरते. खाण्याआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा शुगर बघा. समजा आधी 118, नंतर 152. हे चांगलं. 40-50 पर्यंतची वाढ आणि 180 च्या आतला आकडा पुष्कळ प्रौढांसाठी ठीक मानतात. तुमचं लक्ष्य डॉक्टरांनी वेगळं दिलं असेल तर तेच धरा. 118 चे 215 झाले, तर पुढच्या वेळी अर्धा वाटा घ्या किंवा फळ बदला.

आता एक बारीक गोष्ट, जी आंब्याच्या दिवसांत हमखास नडते. फोडी करून हात नुसते पुसले आणि बोट टोचलं, तर बोटावरचा रस रक्ताच्या थेंबात मिसळतो आणि मीटर भलताच आकडा दाखवतो. सॅनिटायझर किंवा स्पिरिटचा बोळा पुरत नाही. हात साबणाने धुवा, नीट कोरडे करा, मग टोचा. अचानक 300 दिसलं तर घाबरण्याआधी हात धुवून दुसरी पट्टी लावा.

एका मापनावर निकाल देऊ नका. घरच्या मीटरमध्ये 15 टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे धरतात, म्हणजे खरे 150 असताना 130 किंवा 170 दिसू शकतात. तेच फळ, तेवढंच वजन, तीन वेगवेगळ्या दिवशी बघा आणि कॅलेंडरवर लिहा.

जांभळाचं काय, हा प्रश्न जूनमध्ये येतोच. फळ म्हणून जरूर खा, बाकीच्यांसारखंच मोजून. बियांची पूड सुरू करून गोळी बंद करू नका.

किडनीचा त्रास असेल आणि डॉक्टरांनी पोटॅशियम कमी करायला सांगितलं असेल, तर केळं, संत्रं आणि शहाळ्याचं पाणी यांच्याबद्दल आधी विचारा, तिथे साखरेपेक्षा पोटॅशियमचा प्रश्न मोठा असतो. आणि इन्सुलिनचे युनिट आंबा बघून स्वतःच्या मनाने वाढवू नका. पुढच्या भेटीला ते कॅलेंडर बरोबर न्या, डोस त्यावरून डॉक्टरांना ठरवू द्या.