शिक्षण जास्त, जागा लहान: मुलाखतीत या चुका टाळा

मुंबई-पुण्यात आठ-दहा वर्षं काढून माणूस गावाकडे परततो आणि कोकणातल्या लोटे, मिरजोळे किंवा कुडाळच्या एमआयडीसीत आपल्या आधीच्या हुद्द्यापेक्षा खालच्या जागेसाठी अर्ज करतो. मुलाखत बरी होते, पण निरोप येतो, "तुमचं क्वालिफिकेशन जास्त आहे." बहुतेक जण यावर पदवीला दोष देतात. खरं तर समोरच्याला पदवीचं वावडं नसतं, त्याला तीन शंका असतात. हा टिकेल का? या पगारात कुरकुर करणार नाही ना? आणि ज्याच्या हाताखाली काम करायचंय, त्याचं ऐकेल का? या तिन्हींची उत्तरं तयार न करता लोक मुलाखतीला जातात, आणि त्याच त्याच चुका करतात.

"सध्या चालेल" म्हणणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. लोट्याच्या एका रासायनिक कारखान्यात क्यूसी केमिस्टची, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्याची, शिफ्टमधली जागा होती. उमेदवार एम.एस्सी. ऑरगॅनिक, नऊ वर्षं आर अँड डीत (संशोधन विभागात), घर चिपळूणला. एचपीएलसी, जीसी ही तपासणीची महागडी यंत्रं, सगळं येणारा. प्लांट हेडनी विचारलं, "नाइट शिफ्टला याल?" उत्तर आलं, "सध्या चालेल." त्या "सध्या"ने निम्मी मुलाखत तिथेच संपली, कारण ऐकणाऱ्याला त्यातून एवढंच कळलं की हा दुसरीकडे बघतोय.

पुढचा प्रश्न कामाचा होता. रात्री दोन वाजता बॅचचं सॅम्पल आलं आणि टायट्रेशनचं (ब्युरेटने थेंब-थेंब द्रावण घालून करायच्या तपासणीचं) रीडिंग स्पेसिफिकेशनच्या, म्हणजे ठरलेल्या मर्यादेच्या, बाहेर गेलं, तर काय कराल? उमेदवार म्हणाला, ही मेथडच जुनी आहे, एचपीएलसीवर न्यायला हवी. मग व्हॅलिडेशन, म्हणजे नवी मेथड बरोबर चालते हे सिद्ध करणं, कसं करायचं ते दहा मिनिटं समजावून सांगितलं. त्यात चुकीचं काही नव्हतं, पण तिकडे रिअ‍ॅक्टर थांबून आहे आणि ऑपरेटर दारात उभा आहे. हवं असलेलं उत्तर साधं होतं: पहिलं रीडिंग लॉगबुकात आहे तसंच राहू द्यायचं, खोडायचं नाही. शिफ्ट इन्चार्जला कळवायचं, बॅच पुढे सोडायची नाही. मग गणित, वजन, ब्युरेट आणि टायट्रंट (ब्युरेटमधलं द्रावण) शेवटचं कधी स्टँडर्डाइझ केलं, म्हणजे त्याची तीव्रता तपासली, होती ते तपासायचं. परवानगीशिवाय नवं सॅम्पल काढून रीडिंग बसेपर्यंत टेस्ट करत राहायचं नाही. जागा दोन वर्षं अनुभवाच्या बी.एस्सी. मुलीला मिळाली, आणि ते योग्यच झालं.

यावर माझा उपाय ठरलेला आहे. त्या जागेवरच्या माणसाची एक पूर्ण शिफ्ट कागदावर लिहून काढा: आल्यावर चार्ज कोणाकडून घेतो, कोणती रजिस्टरं भरतो, जाताना कोणाला काय सांगून जातो. ओळखीचं कोणी त्या कामात असेल तर त्याला विचारा. कोकणात असा माणूस दोन फोनमध्ये सापडतो. यातलं कोणतं काम तुम्ही शेवटचं स्वतःच्या हाताने कधी केलं, ते मुलाखतीत सांगा. टीम सांभाळल्याचं कौतुक इथे उपयोगाचं नाही.

"पगाराचं काही नाही हो, काहीही चालेल"

असं ऐकलं की समोरचा सावध होतो. माणूस अडचणीत आहे, चांगली ऑफर आली की जाईल, हे तो मनात धरतो. त्यापेक्षा हिशेब मांडा. उदाहरणार्थ: तिकडे हातात ५५ हजार येत होते, त्यातले १८ हजार भाडं आणि ४ हजार प्रवास, उरत होते ३३. इथे घर स्वतःचं आहे, तेव्हा ३० ते ३४ हजार हातात आले तर माझं भागतं. आकडा सीटीसीचा (कंपनीच्या तुमच्यावरच्या एकूण खर्चाचा) नाही, हातात येणाऱ्या पगाराचा सांगा, आणि पीएफ कापून की धरून, तेही स्पष्ट करा. ज्याने घरी बसून हे गणित केलेलं असतं, त्याच्यावर विश्वास बसतो.

पदवी किंवा अनुभव लपवणं

"एम.एस्सी. लिहूच नका, बी.एस्सी.च लिहा," असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो अजिबात मान्य नाही. रुजू होताना पीएफच्या फॉर्म ११ मध्ये आधीच्या पीएफची माहिती द्यावी लागते, आणि यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा क्रमांक, नोकरी बदलली तरी तोच राहतो. मधली चार वर्षं "घरीच होतो" म्हणून सांगितली असतील, तर ती इथे उघडी पडतात. बायोडेटा त्या जागेपुरता आखूड करणं वेगळं आणि विचारल्यावर खोटं सांगणं वेगळं.

सरकारी आणि बँकेच्या जागांत तर हा खेळ नोकरीच घालवतो. पंजाब नॅशनल बँकेच्या शिपाई पदाच्या जाहिरातीत उमेदवार बारावी उत्तीर्ण हवा, पण पदवीधर नसावा, अशी अट होती. एका उमेदवाराने आपली पदवी लपवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ३ नोव्हेंबर २०२० च्या निकालात न्यायालयाने बँकेची बाजू उचलून धरली. जाहिरातीत किमान पात्रता सगळे वाचतात, कमाल मर्यादा आहे का तेही वाचा.

थोडक्यात आणखी काही

"आईवडिलांसाठी आलो" एवढंच सांगू नका. मुलीचं नाव इथल्या शाळेत घातलंय, बायकोची नोकरी रत्नागिरीत आहे, असं दाखवता येण्यासारखं काहीतरी सांगा.

टिकण्याची खात्री म्हणून मूळ प्रमाणपत्रं कंपनीकडे ठेवू नका, मागितली तरी.

मालवण-तारकर्लीच्या हॉटेलात जाणार असाल, तर मे महिना आणि दिवाळी-नाताळात सुट्टी मिळणार नाही हे आधीच मान्य करून टाका. मालकाला तुमच्या एमबीएपेक्षा याची काळजी जास्त असते.

इंटरनेटवरून पाठ केलेलं "मला शिकायची आवड आहे" दहा वर्षांच्या अनुभवी माणसाच्या तोंडी शोभत नाही.

आणि "तुम्ही आमच्यासाठी जास्तच शिकलेले आहात" असं तोंडावर म्हणाले, तर वाद घालू नका, घाईने उठूही नका. शांतपणे विचारा, "सर, शंका टिकण्याची आहे, पगाराची की शिफ्टची?" ते ज्याचं नाव घेतील, तेवढ्याचंच उत्तर द्या, दोन वाक्यांत. मग गप्प बसा आणि त्यांना बोलू द्या.