वाटेगाव आणि माडगुळे एका दिवसात उरकू नका

अण्णा भाऊ साठेंचं वाटेगाव वाळवा तालुक्यात, महामार्गाजवळ. गदिमा-व्यंकटेश माडगूळकरांचं माडगुळे थेट आटपाडी तालुक्यात. दोन्ही सांगली जिल्ह्यातच, पण दोन टोकांना.

वाटेगावला कासेगावच्या बाजूनं आत शिरायचं. 1 ऑगस्टला जयंतीची गर्दी असते. निवांत बघायचं तर तो दिवस टाळा.

माडगुळ्यासाठी विटा-भिवघाट-आटपाडी रस्ता धरा. गदिमांचं जन्मगाव शेटफळे याच तालुक्यात. मॅपवर ‘शेटफळ’ टाकलंत की गाडी सोलापूर जिल्ह्यात निघालीच! म्हणून ‘शेटफळे, आटपाडी’ असंच टाका. माडगुळ्यात शिवारातला ‘बामणाचा पत्रा’, म्हणजे पत्र्याची खोली, कुठं ते विचारा. गदिमा तिथं लिहायला बसत. मुलूख दुष्काळी, सावली कमी. डिसेंबर-जानेवारी उत्तम, पाणी भरपूर घ्या.