कुत्र्याचं जुनं इंग्लिश तैलचित्र घेतलंत? या चुका टाळा

इंग्लंडातल्या एखाद्या लिलावातून व्हिक्टोरियन काळातलं कुत्र्याचं चित्र घरी आलं, की लोक त्याच संध्याकाळी ते धुवायला काढतात. एवढी घाई कशाची असते ते त्यांनाच ठाऊक. शंभर-दीडशे वर्षं काळपट राहून टिकलेलं चित्र आणखी महिनाभर तसंच राहिलं तर काय बिघडणार आहे?

सगळ्यात वाईट खोड म्हणजे कापलेला बटाटा. कुठल्यातरी व्हिडिओत बघायचं आणि घासत सुटायचं. ओळखीतल्या एका गृहस्थांनी स्पॅनियल जातीच्या कुत्र्याचं एक छान चित्र घेतलं होतं. कुत्र्याची छाती पिवळी दिसते म्हणून बटाटा फिरवला. आता पिवळेपणा होता जुन्या राळेच्या वॉर्निशचा, तो बटाट्याने हलत नाही. पाणी मात्र भेगांतून आत गेलं, कॅनव्हासवरचा सरसाचा थर फुगला आणि रंगाचे पापुद्रे सुटायला लागले. तरी हे थांबले नाहीत. नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन कापसावर घेतलं. वॉर्निश निघालं, सोबत मिशाही निघाल्या, आणि डोळ्यातला पांढरा ठिपकाही. मिशा, नाकावरची ओल, डोळ्यातली चमक हे चित्रकार सगळ्यात शेवटी, पातळ रंगाने काढतो, त्यामुळे आधी तेच जातं. आता तो स्पॅनियल पेंढा भरल्यासारखा बघत भिंतीवर बसलाय. रिस्टोररने, म्हणजे जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या जाणकाराने, सांगितलेला खर्च चित्राच्या किमतीच्या वर गेला.

मी काय करतो? अंधाऱ्या खोलीत टॉर्च बाजूने, तिरपा धरतो. रंग कुठे उचललेला दिसला तर ब्रशसुद्धा लावत नाही. चित्र तोंड वर करून आडवं ठेवतो आणि रिस्टोररला फोन करतो. रंग घट्ट असेल तर मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झटकायची. बास.

जवसाचं तेल चोळून ‘टवटवी’ आणू नका, ते पुढे काळवंडतं आणि काढणं महाकठीण.

फायरप्लेसच्या वर टांगू नका. फोटोत छान दिसतं, कबूल.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी गोष्ट: चित्रात न्यूफाउंडलंड जातीचा काळा-पांढरा कुत्रा दिसला की ‘लँडसीयर मिळाला!’ इंग्लिश चित्रकार सर एडविन लँडसीयर (1802–1873) यांची कुत्र्यांची चित्रं त्या काळी घरोघरी पोचली ती एन्ग्रेव्हिंगमधून, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या प्रतींमधून. त्यांतली कितीतरी त्यांच्या भावाने, थॉमसने केलेली. ती समोर ठेवून हौशी मंडळींनी तेलरंगात भरपूर नकला केल्या. म्हणजे चित्र खरोखर जुनं असूनही नक्कल असू शकतं. कॅटलॉगमध्ये नावाआधी ‘आफ्टर’ (म्हणजे त्या चित्रकाराच्या चित्रावरून केलेली नक्कल) छापलंय का, ते पैसे मोजण्याआधी वाचा. सही भिंगातून बघा: सहीचा रंग जुन्या भेगांत उतरलेला असेल तर ती मागाहून कुणीतरी ठोकली आहे. आणि भिंगात सगळीकडे छपाईचे ठिपके दिसले, तर वॉर्निश मारलेली छापील प्रत हातात आहे.

‘1840 मधला गोल्डन रिट्रीव्हर’ असं कुणी विकत असेल तर हसून पुढे जा. लॉर्ड ट्वीडमाउथ यांनी स्कॉटलंडमध्ये ती पैदास 1868 मध्ये सुरू केली, आणि कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या ब्रिटनच्या केनेल क्लबने वेगळी जात म्हणून मान्यता दिली ती थेट विसाव्या शतकात.

मागची बाजू साफ करू नका. जुनी लेबलं, लिलावाचे खडूचे आकडे, कॅनव्हास विकणाऱ्याचा ठसा, सगळा पुरावा तिथेच असतो. विन्सर अँड न्यूटन या चित्रसाहित्याच्या इंग्लिश कंपनीचा ठसा असेल तर कॅनव्हास 1832 च्या आधीचा नाही, कारण कंपनीच त्या साली निघाली. फ्रेमवाल्याला हे आधीच बजावा, नाहीतर तो नवा कागद चिकटवून मोकळा होतो.

चित्र पुण्या-मुंबईला आणणार असाल तर पावसाची झड लागणाऱ्या भिंतीवर लावू नका. फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावा, हवा खेळती राहते. पावसाळ्यात मधूनमधून उतरवून मागून बुरशी आलीय का ते बघा, आणि आली असेल तर पुसायला फडकं घेऊ नका.