करवंदाची कमी साखरेची जेली, ज्यूसरवर

करवंदाची जेली मला सासूबाईंनी शिकवली. त्यांचं प्रमाण साधं होतं: वाटीभर रसाला वाटीभर साखर. पुढे त्यांना मधुमेह निघाला आणि घरातली जेलीच बंद झाली. मे महिन्यात वरंधा घाटातून द्रोणभर करवंदं आणली की त्या चार तोंडात टाकायच्या आणि गप्प बसायच्या. मला ते बघवेना. मग एका वर्षी मी जुन्याच कृतीत साखर निम्मी केली. जेली आळलीच नाही. दाट सरबतासारखं काहीतरी झालं आणि पंधरा दिवसांत त्यावर बुरशी आली.

तेव्हा कळलं की जेलीतली साखर गोडीपुरती नसते. फळातलं नेहमीचं पेक्टिन, म्हणजे रस घट्ट करणारा घटक, आळून यायला साखर साधारण ६० ते ६५ टक्के लागते आणि सोबत आंबटपणाही लागतो. जेली टिकवतेही साखरच. म्हणून साखर काढली की आळण्याची आणि टिकवण्याची सोय वेगळी करावी लागते. त्यासाठी ‘लो मेथॉक्सिल’ पेक्टिन घ्या. ते साखरेच्या नव्हे, कॅल्शियमच्या जोरावर आळतं. बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतं. पुडीवर ‘लो मेथॉक्सिल’ लिहिलेलं नसेल तर घेऊ नका. चायना ग्रासने जेली जमते, पण तिचे तुकडे पडतात, पाणी सुटतं आणि भाकरीवर ती पसरत नाही. मला ती पटली नाही.

करवंदं दोन किलो घ्या. त्यातली दीड किलो काळी, पिकलेली आणि अर्धा किलो लालसर, अर्धकच्ची असावीत. गोडी आणि रंग काळ्यांचा, तर पेक्टिन आणि आंबटपणा अर्धकच्च्यांचा. लिंबू घालायची गरज पडत नाही. देठ काढून करवंदं तासभर मिठाच्या पाण्यात ठेवा, म्हणजे चीक सुटतो. हा चीक ज्यूसरचा शत्रू आहे. पहिल्यांदा मी न उकळताच करवंदं आत टाकली आणि जाळी साफ करण्यात अख्खी दुपार गेली. आता मिठाच्या पाण्यातून काढून धुतलेली करवंदं तीन मिनिटं उकळत्या पाण्यात टाकून निथळते आणि कोमट झाली की मगच ज्यूसरमध्ये घालते. जाळीला आणि हाताला आधी खोबरेल तेलाचं बोट लावते, फणस कापताना लावतो तसं.

ज्यूसर हळू फिरणारा, दाबून रस काढणारा असेल तर उत्तम. वेगाने फिरणाऱ्या ज्यूसरमध्ये हवा मिसळून फेस होतो, तो जेलीत अडकतो आणि जेली गढूळ दिसते. तुमच्याकडे तोच असेल तर रस दोन तास झाकून ठेवा आणि वरचा फेस काढा. मिक्सर मात्र नको, बिया वाटल्या जाऊन तुरटपणा उतरतो.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. ज्यूसरमधून पडणारा चोथा टाकू नका. पेक्टिनचा मोठा वाटा सालीत असतो आणि ज्यूसर ती सालच बाजूला काढतो. चोथ्यात दोन वाट्या पाणी घालून पंधरा मिनिटं मंद उकळा आणि ते पाणी गाळून रसात मिसळा. मग सगळं मलमलच्या फडक्यात बांधून, चक्क्यासाठी दही टांगतो तसं रात्रभर फ्रिजमध्ये टांगा. पिळायचं नाही. घाई करून पिळलेल्या रसाची जेली चवीला तीच लागते, पण उजेडात धरली की तिच्यातून माणिकासारखा रंग दिसत नाही. साधारण लिटरभर रस मिळतो.

भांडं स्टीलचं घ्या, अॅल्युमिनियमचं नको. एक लिटर रसाला २५० ग्रॅम साखर आणि १२ ग्रॅम पेक्टिन, असं माझं प्रमाण आहे. पुड्यांमध्ये फरक असतो, म्हणून पेक्टिन आणि कॅल्शियमच्या पाण्यासाठी (कॅल्शियमची पूड विरघळवलेलं पाणी) तुमच्या पुडीवरची सूचनाच पाळा. पेक्टिन कोरड्या साखरेत नीट मिसळून घ्या. नुसतं रसात टाकलं तर गुठळ्या होतात आणि त्या काही केल्या फुटत नाहीत. रसात कॅल्शियमचं पाणी घालून खळखळून उकळी आणा, साखर-पेक्टिन भुरभुरत टाका आणि दोन मिनिटं व्हिस्कने ढवळत राहा. पुन्हा उकळी आली की गॅस बंद.

थर्मामीटर लावणाऱ्यांनी १०५ अंशांची वाट पाहू नये. तो आकडा भरपूर साखरेच्या जेलीचा आहे. तिथपर्यंत आटवायला गेलात तर ज्यूसरने राखलेला ताज्या करवंदाचा वास उडून जाईल. त्यापेक्षा फ्रीजरमध्ये गार केलेल्या ताटलीवर थेंब टाका. दोन मिनिटांनी बोटाने ढकलल्यावर सुरकुती पडली की झालं. रात्रभरानेही सैल वाटली तर घाबरू नका. ही जेली पुन्हा गरम करून, चमचाभर कॅल्शियमचं पाणी घालून परत आळवता येते.

उकळून कोरड्या केलेल्या लहान बरण्यांत गरम असतानाच भरा. साखर कमी म्हणून ही कपाटात ठेवायची जेली नाही. फ्रिजमध्ये तीन आठवडे, त्याहून जास्त हवी तर वर बोटभर जागा सोडून फ्रीजरमध्ये. बरणीत ओला चमचा घालू नका.

मधुमेह असलेल्या माणसासाठी करत असाल तर हिशोब असा: सात ग्रॅमच्या चमचाभर जेलीत वरून घातलेली साखर दीड ग्रॅमच्या आत येते. जुन्या जेलीत ती चार ग्रॅमच्या आसपास असायची. शिवाय फळाची स्वतःची साखर आहेच, म्हणून बिनसाखरेची समजून वाटीभर खाऊ देऊ नका. सासूबाईंना मी सकाळच्या भाकरीबरोबर एक चमचा देते. पहिल्या दिवशी त्यांनी बोट चाटून एवढंच विचारलं, “अजून किती बरण्या आहेत?”

करायची असेल तर मे संपायच्या आत करा. वळवाचा एक जोरदार पाऊस पडला की करवंदं पाणचट होतात आणि त्यांत अळ्या निघायला लागतात.