नवा पीसी घेतला आणि जुनी एक्स्टर्नल हार्डडिस्क दिसेना? आधी हे बघा

सगळ्यात आधी, स्क्रीनवर फॉरमॅट करायचंय का किंवा इनिशियलाइज डिस्क असं काही आलं तर कॅन्सल करा. अगदी कळकळीने सांगतोय, कारण बऱ्याचदा डिस्क धडधाकट असते आणि डेटा आपणच त्या एका क्लिकने घालवतो.

मी वर्कस्टेशन बदललं तेव्हा लग्नांचं सगळं फुटेज एकाच एक्स्टर्नलवर होतं, नव्या मशीनला लावली तर लाइट लागतोय, आत मोटर फिरायला लागते, बंद पडते, परत टुक टुक. पोटात गोळाच आला. निघालं काय, तर कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टची वायर मदरबोर्डवर नीट बसलीच नव्हती, मागच्या पोर्टला लावली आणि लगेच आली. म्हणून पहिलं काम हेच, मागचा पोर्ट, मधे हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारा डबा) नको. 2.5 इंची डिस्क यूएसबीतूनच वीज घेते, 2.0 पोर्टचं माप 500 मिलीअँपिअर आणि 3.0 चं 900, त्यामुळे निळा पोर्ट बघा. 3.5 इंचीला तिचाच अडॅप्टर लागतो, पिन बसतेय म्हणून दुसरा कुठला लावू नका. केबलपण बदलून बघा, त्या रुंद चपट्या मायक्रो बी पिनचं टोक वापरून वापरून ढिलं होतं.

तरी नाही दिसली तर स्टार्टवर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. डिस्क हेल्दी आहे पण पुढे अक्षर (D:, E: सारखं) नाही, असं असेल तर चेंज ड्राइव्ह लेटरमधून द्या, आणि शक्यतो जुन्या पीसीवर होतं तेच द्या, नाहीतर प्रीमियरचे (व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर) जुने प्रोजेक्ट उघडले की सगळीकडे मीडिया ऑफलाइन. मॅकच्याच फॉरमॅटमध्ये असेल तर विंडोज ती वाचत नाही आणि फॉरमॅट कर म्हणतं, ती मॅकलाच लावून डेटा काढा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) असेल तर पासवर्ड किंवा 48 आकडी रिकव्हरी की लागणारच, जुना पीसी विकायच्या आधी ती शोधून ठेवा. फोल्डर उघडताना परमिशन नाही आलं तर प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, अ‍ॅडव्हान्स्डमध्ये ओनर बदला.

पीसी चालूच होत नसेल तर डिस्क काढून बघा, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या सेटिंगमध्ये) बूट ऑर्डरला, म्हणजे आधी कुठून चालू व्हायचं त्या यादीत, यूएसबी वर असतं कधीकधी.

आणि चांगला पोर्ट, चांगली केबल असूनही टक टक आवाज चालूच राहिला तर चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं टूल) वगैरे काही चालवू नका, डिस्क काढून ठेवा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.