जिवाणू प्लाझ्मात वाढवताय? या चुका टाळा

रोगकारक जिवाणू मानवी प्लाझ्माशी, म्हणजे रक्तातल्या पेशी वगळून उरणाऱ्या द्रवाशी, कसं जुळवून घेतात, हा विषय पुण्यातल्या एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या प्रोजेक्टांत दर वर्षी कुणी ना कुणी घेतंच. विषय उत्तम आहे. पण पुष्कळदा जिवाणू जुळवून घेतो तो ट्यूबमधल्या रसायनाशी, आणि श्रेय मिळतं रक्ताला.

सुरुवात टोपणाच्या रंगापासून करा. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणारं ईडीटीए असतं. ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही पकडून ठेवतं, आणि त्यांच्यावाचून कॉम्प्लिमेंट (रक्तातली जिवाणूंना मारणारी प्रथिनं) चालत नाही. अशा प्लाझ्मात ई. कोलाय मजेत वाढला, तर 'हा स्ट्रेन कॉम्प्लिमेंटला दाद देत नाही' असं कोणत्या तोंडाने लिहिणार? फिकट निळ्या टोपणातलं सायट्रेटही रक्त गोठू देत नाही, पण त्याची गंमत वेगळी. रक्तातलं लोह ट्रान्सफेरिन या प्रथिनाने बांधलेलं असतं, जिवाणूची खरी उपासमार तिथे होते. पण ई. कोलायकडे फेरिक सायट्रेटच्या रूपात लोह आत घेण्याची यंत्रणा असते. म्हणजे टंचाई अभ्यासायला बसायचं आणि रसद आपणच पोहोचवायची! कॉम्प्लिमेंट पाहायचं असेल तर हिरुडिन (कॅल्शियमला हात न लावता रक्त गोठणं थांबवणारं प्रथिन) घातलेला प्लाझ्मा घ्या, नाहीतर सरळ सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणारा द्रव. मात्र सीरममध्ये फायब्रिनोजेन हे गोठण्याचं प्रथिन नसतं, हे प्रबंधात लिहा. आणि ट्यूबमधल्या त्याच अँटिकोॲग्युलंटचं (गोठणरोधकाचं) तेवढंच प्रमाण साध्या मीडियात घालून एक कंट्रोल ठेवा. हा कंट्रोल बहुतेक जण खातात.

रक्तपेढीची पिशवी आणली असेल तर लेबल वाचा. सीपीडीए-१ म्हणजे सायट्रेट, फॉस्फेट, डेक्स्ट्रोज आणि ॲडेनिन. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की मानवी रक्तात वाढायचं तर ई. कोलायला स्वतःचे न्यूक्लिओटाइड (डीएनए-आरएनएचे घटक) स्वतः बनवता यायला हवेत. तयार माल तिथे पुरेसा मिळत नाही. तुम्ही प्युरिन न बनवू शकणारा म्युटंट घेतलात आणि तो वाढला, तर नवा शोध लागला असं समजण्याआधी पिशवीतलं ॲडेनिन आठवा, तेही प्युरिनच.

"सर, प्लाझ्मा ५६ अंशांना ३० मिनिटं ठेवला आणि तो दुधाळ झाला, कंटॅमिनेशन का?" नाही. त्या तापमानाला फायब्रिनोजेनच साखळतं. हीट-इनॅक्टिव्हेशन, म्हणजे तापवून कॉम्प्लिमेंट निकामी करणं, सीरमवर करा.

स्टॅफिलोकोकस ऑरियसवर काम असेल तर ओडीवर, म्हणजे कल्चरच्या गढूळपणाच्या मोजमापावर, अजिबात विसंबू नका. त्याचं कोॲग्युलेज हे प्रथिन प्लाझ्मातल्या प्रोथ्रॉम्बिनला चिकटून फायब्रिनोजेनचं फायब्रिन करतं, आणि त्याला कॅल्शियम लागत नाही. म्हणून ईडीटीए असूनही ट्यूब तिरकी केली की आतला ऐवज जेलीसारखा एकगठ्ठा हलतो. प्लेटिंग केलं तरी गोची राहतेच, कारण शेकडो पेशींचा गुच्छ एकच कॉलनी देतो. सीएफयू (कॉलन्या मोजून काढलेली संख्या) घसरले म्हणजे जिवाणू मेले असं नाही. आधी एक थेंब स्लाइडवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघा.

प्लाझ्मा गुलाबी दिसला तर टाकून द्या. तांबड्या पेशी फुटल्यात, हिमोग्लोबिन बाहेर आलंय, आणि ऑरियसला लोहाचा तो आवडता साठा. दुचाकीवर, विद्यापीठ चौकातल्या गर्दीतून अख्खं रक्त हिंदकळत आणण्यापेक्षा जिथे काढलं तिथेच प्लाझ्मा वेगळा करून घ्या. छोट्या व्हायलमध्ये वाटून उणे ८० ला ठेवा. पुण्यात गुरुवार हा वीज जाण्याचा वार. फ्रीझरला बॅकअप आहे का ते आधी विचारा. वितळून पुन्हा गोठलेल्या प्लाझ्मातल्या कॉम्प्लिमेंटवर भरवसा ठेवू नये.

उघड्या हवेत ठेवलेल्या प्लाझ्मातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच चढतो, त्यामुळे ५ टक्के कार्बन डायऑक्साइडच्या इनक्युबेटरमध्येच वाढवा. दाते अनेक हवेत, कुणी अँटिबायोटिक घेत नाही ना याची खात्री हवी, एथिक्स कमिटीची मंजुरी तर हवीच.

आरएनए काढताना निवांत सेंट्रिफ्यूज करत बसलात तर संपलं. जिवाणूंच्या एमआरएनएचं आयुष्य काही मिनिटांचंच असतं. नमुना घेतल्याक्षणी आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात टाका.

आणि 'अनुकूलन' लिहिण्याआधी एक साधी चाचणी करा. प्लाझ्मात वाढलेलं कल्चर पुन्हा एलबी या साध्या मीडियात काही वेळा वाढवून परत प्लाझ्मात टाका. पहिल्यासारखंच अडखळत वाढलं तर तो बहुधा जनुकांच्या नियमनाचा तात्पुरता बदल. चटकन वाढलं तरच सिक्वेन्सिंगचा खर्च करा.