हीटिंगच्या बिलाला मदत मिळाली, पण दुसऱ्या खेपेला

न्यू जर्सीत राहतो, मागच्या हिवाळ्यात माझा जॉब गेला आणि गॅसचं बिल बघून घाम फुटला (थंडीत!). इथे लायहीप (LIHEAP) म्हणून हीटिंगच्या बिलाला मदत करणारी सरकारी योजना आहे, १९८१ पासूनची, पण मला वाटायचं ती फक्त अगदीच गरिबांना असेल. तसं नाहीये. इथे घराचं उत्पन्न राज्याच्या मीडियन इन्कमच्या (निम्मी घरं ज्याच्या वर, निम्मी खाली, असं मधलं उत्पन्न) ६०% पर्यंत चालतं, घरात माणसं किती त्यावर आकडा ठरतो.

ऑनलाइन अर्ज टाकला तर 'अपूर्ण' म्हणून परत, कारण बिल बायकोच्या नावावर अन् मी फक्त माझेच कागद जोडलेले. घरातल्या सगळ्या मोठ्यांचं उत्पन्न दाखवावं लागतं हो! मग तिच्या पे स्लिपा, माझा बेकारी भत्ता, सगळ्यांचे सोशल सिक्युरिटी नंबर, ताजं बिल असं सगळं घेऊन सरळ काउंटीच्या एजन्सीत जाऊन बसलो, तिथल्या बाईंनी अर्ध्या तासात मार्गी लावलं. पैसे हातात येत नाहीत, थेट गॅस कंपनीकडे जातात. त्याच अर्जात युनिव्हर्सल सर्व्हिस फंडाचंही बघतात, त्याने महिन्याचं बिल कमी होतं.

एजन्सी माहीत नसेल तर २११ या हेल्पलाइनवर फोन करा. आणि लाज कसली, टॅक्स भरतोच की आपण.